वॉशिंग्टनची हवाई टक्कर आणि आपल्या डोक्यावरचं आभाळ

आरोंदेकर (धागाकर्ता) · ३१ जानेवारी २०२५, रात्री ९.४०

काल सकाळी माडावर चढायला गडी आला होता, त्याच्या फोनवर मी तो व्हिडिओ पहिल्यांदा बघितला. काळोख, खाली नदी, दोन दिवे एकमेकांकडे सरकतात आणि मग आगीचा लोळ. त्याला कुणी पाठवला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. रात्रीपर्यंत तोच व्हिडिओ मला सात ग्रुपांवर आला, आणि प्रत्येक ठिकाणी खाली कारण वेगळं.

नक्की कळलंय तेवढंच लिहितो. २९ जानेवारीच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास (आपल्याकडे ३० तारखेची सकाळ, सव्वासात) कॅन्ससमधल्या विचिटाहून निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सच्या सेवेतलं सीआरजे-७०० हे छोटं जेट वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरत होतं. धावपट्टी समोर दिसत होती. त्याच वेळी लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवरून दक्षिणेला निघालं होतं. धडकून दोन्ही नदीत पडली. विमानात ६४ माणसं, हेलिकॉप्टरमध्ये ३. कुणीच वाचलं नाही. विचिटात बर्फावरच्या स्केटिंगच्या राष्ट्रीय स्पर्धा नुकत्याच झाल्या होत्या. तिथून परतणारी मुलं, त्यांचे आईबाप, प्रशिक्षक, असे बरेच जण त्यात होते. तिकडे प्रवासी विमानाचा एवढा मोठा अपघात फेब्रुवारी २००९ नंतर पहिलाच.

आता घरचं. माझी बहीण पुण्यात असते. शिमग्याला ती मोपाच्या विमानाने यायची आहे, तिकीटही काढलंय. आईने काल व्हिडिओ बघितला आणि फर्मान काढलं, "तिका सांग, आगगाडीन ये. सावंतवाडी टेसनार उतर. विमान नको." तीन-साडेतीन वर्षांपूर्वी चिपीला पहिलं विमान उतरलं तेव्हा हीच आई बघायला आली होती. मोपा सुरू झाल्यापासून तर समुद्राकडून येणारं विमान आमच्या अंगणातून दिसतं. रात्री त्याचे दिवे बघत ती जेवते. आता म्हणते, "दोन एकदम इली तर?"

मला तिला उत्तर देता आलं नाही. इथे बरेच जाणकार आहेत म्हणून विचारतो. एवढी यंत्रं असताना दोन यानं समोरासमोर येतातच कशी? आणि लोक जे बोलतायत त्यातलं खरं किती?

सुरंगी · ३१ जानेवारी, रात्री ९.५८

त्या स्केटिंगच्या मुलांचे फोटो बघवले नाहीत. उतरायला दोन मिनिटं उरली होती. घ्यायला आलेली माणसं बाहेर उभी असणार.

बंदरबाबू · ३१ जानेवारी, रात्री १०.१२

मला विचाराल तर सरळ घातपात आहे. एवढं मोठं आभाळ, त्यात एक हेलिकॉप्टर सरळ रेषेत येऊन विमानाच्या कुशीत घुसतं? लष्कराचा वैमानिक आंधळा होता काय? व्हिडिओ नीट बघा, वळायचा प्रयत्नसुद्धा नाही. मुद्दाम केल्याशिवाय असं होत नाही.

राजापूरची_गंगा · ३१ जानेवारी, रात्री १०.१५

बाबू, तुमच्या वाडीतलं रोहित्र उडालं तरी तुम्हाला घातपात दिसतो.

बंदरबाबू · ३१ जानेवारी, रात्री १०.१७

ते रोहित्र तीनदा उडालं. तिन्ही वेळा ग्रामसभेच्या आदल्या दिवशी. असो.

नभांगण · ३१ जानेवारी, रात्री ११.३०

मी बरीच वर्षं विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून काढली आहेत. कुठल्या ते विचारू नका. चौकशी आत्ता सुरू झाली आहे, तेव्हा दोष कुणाचा यावर मी बोलणार नाही. पण यंत्रणा कशी चालते ते सांगू शकतो. बाबूंच्या शंकेचं उत्तरही त्यातच आहे.

"एवढं मोठं आभाळ" हे वरचं खरं. पस्तीस हजार फुटांवर जागा मुबलक असते. विमानतळाजवळ आभाळ म्हणजे नाक्यावरचा रस्ता. सगळ्यांना एकाच चिंचोळ्या वाटेने खाली यायचं असतं. रेगन विमानतळ तर नदीकाठी, शहराच्या मध्यात. एका अंगाला पेंटॅगॉन, पलीकडे व्हाइट हाउसभोवतीचा उड्डाणबंदीचा पट्टा. त्यामुळे लष्कराची, पोलिसांची, सरकारी माणसांची हेलिकॉप्टरं नदीवरून ठरलेल्या वाटेने जातात. त्या वाटेला तिकडे 'रूट ४' म्हणतात. विमानतळाजवळच्या तुकड्यात २०० फुटांच्या वर जायचं नाही असा नियम.

जेट आधी मुख्य धावपट्टीकडे येत होतं. टॉवरने विचारलं, ३३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतराल का? वैमानिक हो म्हणाले. ३३ आखूड आहे आणि तिच्याकडे यायचं तर नदीचा पूर्व काठ धरून मग डावीकडे वळावं लागतं. म्हणजे हेलिकॉप्टरच्या वाटेच्या बरोबर डोक्यावरून.

मग टॉवरने हेलिकॉप्टरला विचारलं, ते जेट दिसतंय का? उत्तर आलं, दिसतंय, आम्ही बघून अंतर ठेवतो. इथेच सगळी गोम आहे. एकदा वैमानिक "दिसतंय" म्हणाला की अंतर राखायची जबाबदारी त्याच्या डोळ्यांवर जाते. हे बेकायदा नाही, रोज होतं. रोज होतं म्हणूनच विमानं वेळेवर उतरतात. पण त्याला दिसलेला दिवा त्याच विमानाचा होता, की मागून रांगेत येणाऱ्या दुसऱ्याचा? ते टॉवरला कळायचा मार्ग नाही.

राहिलं यंत्र. विमानात टीकॅस असतं. समोरून दुसरं विमान आलं तर एकाला "चढ" आणि दुसऱ्याला "उतर" सांगणारं. पण जमिनीपासून हजारएक फुटांच्या खाली आलं की ते आज्ञा देणं थांबवतं. खाली जागाच नसते. उतरणाऱ्या विमानाला "उतर" सांगून ते नेणार कुठे?

आरोंदेकर · ३१ जानेवारी, रात्री ११.४४

साहेब, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे शेवटाक डोळ्यांवरच."

गिरगाव_ते_गुहागर · १ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

आमच्या ऑफिसातल्या ग्रुपवर वेगळंच चाललंय. तिकडच्या राष्ट्राध्यक्षांनी दुसऱ्याच दिवशी पत्रकारांसमोर सांगितलं की सगळ्यांना सामावून घेण्याच्या धोरणामुळे नालायक माणसं भरली, म्हणून हे झालं. नदीतून प्रेतं काढायचं काम चालू होतं तेव्हा! आणि आमच्या ग्रुपवर लगेच, "बाई चालवत असणार."

(या प्रतिसादानंतरचे ९ प्रतिसाद उडवले आहेत. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे, तिथे भांडा. – व्यवस्थापक)

सुरंगी · १ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

व्यवस्थापकांनी उडवायच्या आधी मी ते वाचले. उत्तर देते, उडवायचं तर उडवा.

भारतात वैमानिकांपैकी साधारण १५ टक्के बायका आहेत. जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. माझी मावसबहीण त्यातली एक. गेली अकरा वर्षं ती उडवते आहे. तिच्या विमानातून उतरताना एक आजोबा म्हणाले होते, "बाई, छान उतरवलंस हो," आणि मागचा माणूस म्हणाला, "नशीब." काल ती मला म्हणाली, अपघात कुठेही होवो, दुसऱ्या दिवशी कॉकपिटचा दरवाजा उघडा दिसला की लोक आत डोकावून बघतात.

अजून एक ऐका. त्या हेलिकॉप्टरचा वैमानिक म्हणून समाजमाध्यमांवर एका भलत्याच व्यक्तीचं नाव फिरवलं गेलं. त्या व्यक्तीला स्वतःचा व्हिडिओ टाकून सांगावं लागलं, मी जिवंत आहे. आणि खरोखर गेलेल्यांपैकी एकीच्या घरच्यांनी नाव जाहीर करू नका अशी विनंती केली. पोरगी गेली त्या रात्री आईबापांनी लोकांच्या तोंडाचा विचार करायचा!

चौकशीला वर्ष लागतं. आपल्याला संध्याकाळच्या चहाच्या आत गुन्हेगार हवा असतो.

बंदरबाबू · १ फेब्रुवारी, दुपारी १२.०२

मी बाईबद्दल काही बोललो नव्हतो, हे नमूद करतो.

राजापूरची_गंगा · १ फेब्रुवारी, दुपारी १२.०४

नोंद घेतली.

वास्कोतला_बापट · १ फेब्रुवारी, दुपारी ३.४०

सगळे अमेरिकेचं बोलतायत. आपल्या किनाऱ्यावर हे घडून गेलंय. कुणाला आठवतंय का?

१ ऑक्टोबर २००२. मी तेव्हा वास्कोत कामाला होतो. दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. आपली प्रवासी विमानं तिथे पाहुणी. नौदलाच्या ३१५ क्रमांकाच्या पथकाला त्या दिवशी पंचवीस वर्षं पुरी होत होती. इल्युशिन-३८ जातीची, समुद्रावर टेहळणी करणारी, चार पंख्यांची अवजड विमानं. वर्धापनदिनाच्या कवायतीत जोडीने उडताना त्यातली दोन एकमेकांना लागली. दोन्ही विमानांतले मिळून बारा जण गेले. अवशेष वस्तीत पडले, खालचीही माणसं गेली.

आवाज आला तेव्हा आम्हाला वाटलं बंदरात काहीतरी फुटलं. तिथे सुरुंग, स्फोट, लोखंड पडणं हे रोजचंच. मग धूर दिसला आणि रस्ता माणसांनी भरला. सगळे धुराकडे धावत होते. एक बाई मात्र उलट्या दिशेने पळत होती, शाळेकडे. धूर कुठे आहे ते तिने वळूनही बघितलं नाही. बाकी त्या दिवसाचं पुष्कळ विसरलो. ही बाई डोळ्यांसमोरून जात नाही.

संध्याकाळी खारीवाड्याच्या नाक्यावर तीन तर्क तयार होते. एक पाकिस्तान, दुसरा दारू, तिसरा अमावास्या. अमावास्या नव्हती, मी कालनिर्णय बघितलं होतं.

खाडीपट्टा · १ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१५

बापटकाकांनी २००२ चं लिहिलं, मी १९९६ चं लिहितो. मी तेव्हा सहावीत, गाव खेड तालुक्यात. आमच्या खाडीपट्ट्यात घरटी एक माणूस आखातात. १२ नोव्हेंबरची संध्याकाळ. रेडिओवर बातमी, दिल्लीहून निघालेलं सौदीचं विमान पडलं. बस्स, एवढंच. सौदी म्हटल्यावर मोहल्ल्यात रडारड. आमचे मामू दमामला होते. खरं तर ते विमान दिल्लीहून तिकडे चाललेलं आणि मामू आधीपासून तिकडेच, त्यामुळे ते त्यात असायचं कारणच नव्हतं. हे आज कळतं. त्या रात्री एसटीडी बूथवर दोनशे माणसं होती आणि लाइन लागत नव्हती. मामूंचा आवाज तिसऱ्या दिवशी ऐकला. नानी फोनवर काहीच बोलली नाही. नुसती रिसीव्हर कानाला लावून बसली, मीटर पडत राहिलं. बूथवाल्याने पैसे घेतले नाहीत.

चरखी दादरीची ती टक्कर आजही जगातली सगळ्यात मोठी हवाई टक्कर आहे. सौदीचं जंबो आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६, मिळून ३४९ माणसं. कारण मात्र नीट समजून घ्यायचं राहिलंच. नभांगण सर सांगतील?

नभांगण · १ फेब्रुवारी, रात्री १०.५०

सांगतो. आमच्या पिढीच्या नियंत्रकांना ती तारीख वडिलांच्या श्राद्धासारखी पाठ आहे.

तेव्हा दिल्लीला येणारी आणि दिल्लीहून जाणारी विमानं एकाच हवाई वाटेवरून सोडत. एक वर, एक खाली. सौदीचं चढत होतं, त्याला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं. कझाक उतरत होतं, त्याला १५,००० वर. मध्ये हजार फूट. कझाक विमान १५,००० वर थांबलं नाही, खाली आलं. त्यांच्या विमानात टॉवरशी बोलणारा रेडिओवाला वेगळा असे, त्याच्यासमोर स्वतःचं उंचीचं यंत्र नव्हतं. आणि दिल्लीच्या रडारवर नुसता ठिपका दिसायचा, उंची नाही. वैमानिक सांगेल ती उंची खरी मानायची. नियंत्रकाने त्यांना समोरून येणाऱ्या विमानाची कल्पना दिली होती, हे मुद्दाम लिहितो. कारण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सगळ्यांनी "टॉवरवाला झोपला होता" हेच ठरवलं होतं.

न्यायमूर्ती लाहोटींच्या आयोगाने चौकशी केली. येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार आलं, टक्कर टाळणारं यंत्र बसवणं भारतात सक्तीचं झालं. आज आरोंदेकरांची बहीण बसेल त्या विमानात ते यंत्र आहे ते त्या ३४९ जणांमुळे.

आणि टॉवरवाल्याला धरण्याबद्दल. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीच्या दक्षिण टोकाला उबरलिंगेन गावावर एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान धडकलं. ७१ मेले, त्यात रशियातून सुट्टीला निघालेली शाळकरी मुलं. नियंत्रक झुरिकमध्ये, एकटा दोन टेबलं सांभाळत होता, सोबतचा विश्रांतीला गेलेला. देखभालीसाठी फोनही बंद. यंत्र रशियन वैमानिकाला म्हणालं चढ, नियंत्रक म्हणाला उतर. त्याने माणसाचं ऐकलं. दुसऱ्या विमानालाही यंत्राने "उतर" सांगितलं होतं, तेही उतरत होतं. पुढे २००४ मध्ये, ज्याची बायको आणि दोन मुलं त्यात गेली अशा एका बापाने त्या नियंत्रकाला त्याच्या दारात भोसकून मारलं.

त्या काळी मी रात्रपाळीला जात असे. माझी बायको काही दिवस दार उघडण्याआधी कोण आहे ते दोनदा विचारायची. आम्ही राहायचो कुठे आणि ते झालं कुठे. पण विचारायची.

सुरंगी · १ फेब्रुवारी, रात्री ११.१०

वॉशिंग्टनच्या टॉवरमध्येसुद्धा त्या रात्री विमानं आणि हेलिकॉप्टरं एकच जण बघत होता, असं कालच्या बातम्यांत वाचलं.

नभांगण · १ फेब्रुवारी, रात्री ११.१४

हो. म्हणून मी त्याच्याबद्दल काही बोलत नाहीये.

तांडेल_देवगड · २ फेब्रुवारी, पहाटे ५.३०

माका विमानातला काय एक कळणा नाय. नातवान धागो वाचून दाखवल्यान, आता मी सांगतंय आणि तो टायपता. राती दर्यात गाठ कशी पडता ता सांगतंय.

चाळीस वर्सां होडयेर गेली माजी. काळोखात समोर दिवो दिसलो की मी फक्त दिव्याक बघतंय. उजवीकडचो दिवो आणखी उजवीकडे सरकत गेलो तर तो आपल्या मागसून जातलो. डावीकडे सरकाक लागलो तर फुडसून जातलो. आणि दिवो थंयच्या थंय रवलो, हललोच नाय, नुसतो मोठो मोठो होत गेलो, तर सुकाणू फिरव आणि पळ. तो तुझ्यार येता.

नव्या पोरांचा उलटा. हलणारो दिवो बघून भियातत, आणि थीर दिव्याक म्हणतत, तो लांबचो आसा, किनाऱ्यारचो आसा. किनाऱ्यार दिवे जास्त आसले तर जाणतो माणूसय फसता. आदी तारकर्लेक चार दिवे दिसत. आता हॉटेलांचे इतके आसत की त्येतसून होडयेचो दिवो वेगळो काडूक डोळे दुखतत. त्या शारात किती दिवे आसतले?

नभांगण · २ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

तांडेलकाका, तुमच्या पाया पडतो. हवाईदलात नव्या मुलांना हे फळ्यावर आकृत्या काढून शिकवतात, तरी त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

धडकेच्या मार्गावरचं विमान काचेवर एकाच जागी चिकटल्यासारखं दिसतं. माणसाचा डोळा हालचाल टिपतो, स्थिर ठिपका सोडून देतो. त्यातून खाली-मागे अख्ख्या राजधानीचे दिवे. हेलिकॉप्टरवाल्यांनी अंधारात बघायचा चष्मा लावला असेल तर दिवे झगझगतात आणि दोन्ही बाजूंचं दिसणं कमी होतं, जणू नळकांड्यातून बघतोय. बाबू, तुम्ही म्हणता "वळायचा प्रयत्नही नाही". जो दिसलाच नाही त्याच्यापासून वळणार कसं?

गंमत म्हणजे विमानाच्या पंखांवरचे दिवे होडीच्याच कायद्याचे. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. हवेवाल्यांनी ते दर्यावाल्यांकडूनच घेतले.

राजापूरची_गंगा · २ फेब्रुवारी, सकाळी ९.३२

तांडेलकाकांच्या नातवाला पाच गुण. शुद्धलेखनाचे दोन कापले.

गिरगाव_ते_गुहागर · २ फेब्रुवारी, सकाळी ११.००

होड्यांचं निघालंच आहे तर. १८ डिसेंबरला मुंबईत काय झालं? गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. इंजिनाची चाचणी चालू होती म्हणे. १५ जण गेले. भर दुपारी, लख्ख उजेडात. तिथे अंधाराचा चष्मा नव्हता की शहराचे दिवे नव्हते. पोटोमॅकचं वाचल्यावर मला आधी तेच आठवलं. एकीकडे तिकीट काढून बसलेली माणसं, दुसरीकडे सरावाला निघालेलं लष्करी वाहन, आणि दोघांची वाट एकच.

वास्कोतला_बापट · २ फेब्रुवारी, सकाळी ११.२५

थोडं थांबा. नौदलाला शिव्या घालायला हा धागा नको. सराव नाही करायचा तर काय युद्धाच्या दिवशी शिकायचं?

गिरगाव_ते_गुहागर · २ फेब्रुवारी, सकाळी ११.३१

काका, शिव्या नाहीत. सराव करा, पण एलिफंटाच्या फेरीच्या वाटेत का? एवढंच.

खाडीपट्टा · २ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

+१. प्रश्न जागेचा आहे.

नभांगण · २ फेब्रुवारी, दुपारी १.००

जागेचा, आणि नसेल जागा तर वेळेचा. आरोंदेकरांच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. दाबोळीला आठवड्याच्या कामाच्या दिवसांत सकाळचे काही तास नौदलाच्या उड्डाणांसाठी राखलेले असतात. तेव्हा प्रवासी विमानांना ये-जा बंद. गोव्याचे हॉटेलवाले वर्षानुवर्षं त्यावर नाराज होते, मोपा हवं म्हणणाऱ्यांचा तो एक मोठा मुद्दा होता. पण टॉवरवाल्याच्या नजरेने बघा. लढाऊ विमान आणि प्रवासी विमान यांच्यामध्ये भिंत घड्याळाची. कुणाला कुणाचा दिवा ओळखायची पाळी नाही. वॉशिंग्टनला ती भिंत डोळ्यांची होती.

मुंबईत जुहूचं उदाहरण घ्या. सांताक्रूझच्या विमानतळाला खेटून जुहूचा धावपट्टा, तिथून हेलिकॉप्टरं बॉम्बे हायला तेलाच्या फलाटांवर जातात. दोन्ही इतके जवळ की १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. सुदैवाने कुणी मेलं नाही. म्हणून तिथल्या नियंत्रकाला हेलिकॉप्टर हा जोडधंदा समजून चालत नाही.

बंदरबाबू · २ फेब्रुवारी, दुपारी १.१८

म्हणजे घातपात नाही असं शंभर टक्के सांगता?

नभांगण · २ फेब्रुवारी, दुपारी १.२०

शंभर टक्के मी पगाराच्या तारखेबद्दलही सांगितलं नाही कधी. एवढंच म्हणतो की घातपात नसतानाही हे असंच दिसलं असतं.

आरोंदेकर · १२ मार्च २०२५, रात्री ८.३०

धागा वर काढतोय. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाचा प्राथमिक अहवाल काल आला. मी वाचला, अर्धा कळला. कळला तेवढा असा.

३३ क्रमांकाच्या धावपट्टीकडे येणारं विमान आणि २०० फुटांवरून जाणारं हेलिकॉप्टर, दोघांनी सगळे नियम पाळले तरी काही ठिकाणी मध्ये ७५ फूटच उरतात. ७५ फूट! आमच्या परसातला जुना माड त्याच्या जवळपास असेल. टक्कर तर ३०० फुटांच्या आसपास झाली, म्हणजे हेलिकॉप्टर वर होतं. त्यातल्या दोघांत उंचीवरून आधी बोलणं झालं होतं. एकाने ३०० सांगितली, दुसऱ्याने ४००. टॉवरने "मागून जा" म्हटलं तेव्हा त्यांच्याच रेडिओचं बटण दाबलेलं होतं, त्यामुळे ते शब्द त्यांच्यापर्यंत पोचलेच नसावेत. जेटच्या यंत्राने वीस सेकंद आधी "ट्रॅफिक, ट्रॅफिक" एवढाच आवाज दिला. पुढचं काही ते सांगू शकत नव्हतं, जे नभांगण सरांनी पहिल्याच रात्री लिहिलं होतं.

पण मला झोप लागली नाही ती पुढच्या आकड्यांमुळे. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या एका विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर एक सागरी मैलाहून कमी आणि उंचीत ४०० फुटांहून कमी अंतरावर आले असे प्रसंग १५,२१४. त्यातले ८५ असे की आडवं अंतर १,५०० फुटांहून कमी आणि उंचीतलं २०० हून कमी. हे सगळं आधीपासून नोंदलेलं होतं, कुठेतरी संगणकात.

सुरंगी · १२ मार्च, रात्री ८.५१

पंच्याऐंशी. आणि तेव्हा शोधत होतो कोण बाई होती, कोणत्या धोरणाने भरती झाली.

बंदरबाबू · १२ मार्च, रात्री ९.०५

मी हा आकडा दोनदा वाचला. घातपाताचं मागे घेतो. पण मग हे त्याहून वाईट नाही का? घातपात करणारा निदान लपून करतो. इथे नोंदवहीत लिहीत होते.

नभांगण · १२ मार्च, रात्री ९.४०

बाबू, जवळून गेलं आणि काही झालं नाही, की त्या दिवसाची नोंद "काही झालं नाही" अशीच होते. मी स्वतः अशा नोंदी केल्या आहेत. संध्याकाळी कँटीनमध्ये सांगायचो, आज थोडक्यात वाचलो रे. हसायचो. दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत. एक प्रसंग तर असा होता की... जाऊ दे. तो माणूस अजून नोकरीत आहे.

त्या ३३ च्या धावपट्टीवर विमान येत असेल तेव्हा हेलिकॉप्टरची ती वाट बंद ठेवा, अशी शिफारस मंडळाने तातडीने केली आहे. म्हणजे तीच घड्याळाची भिंत.

तांडेल_देवगड · १३ मार्च, पहाटे ५.१०

नातू म्हणता ८५. आमच्या बंदरात एका माणसाचो दिवो पाच येळा तसो थीर रवलो आसतो तर सगळ्यांनी मिळान त्येची होडी वर काडली आसती.

आरोंदेकर · १३ मार्च, रात्री ११.५०

हुडा पेटवून आत्ताच घरी आलो. बहीण विमानानेच आली. आईने परवानगी दिली नाही, पण अडवलंही नाही.

फोनवर ते विमानं दाखवणारं अ‍ॅप आहे, ते मी आईला लावून दिलं होतं. संध्याकाळभर खळ्यात बसून ती नकाशातल्या पिवळ्या विमानाकडे बघत होती. पुण्याहून निघालं तेव्हा विचारलंन, "ह्या आपला मा?" मग कोल्हापूरच्या वर असताना आणखी एक पिवळं विमान शेजारून गेलं तशी फोन पालथा ठेवून घरात गेली, पाण्याचा तांब्या घेऊन परत आली. मी सांगितलं, ते दहा हजार फूट वर आहे. म्हणाली, "तू गप."

शेवटी समुद्राच्या बाजूला दिवा दिसला. खरा दिवा, आभाळातला. आईने फोन माझ्याकडे दिला आणि उठून उभी राहिली. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "हलता काय नाय ता."

हलत होता.